जादा चित्राचे मोल

संग्रहाची आवड मनुष्याला लहानपणापासूनच असते. कोणी नदीकाठचे गुळगुळीत गोटे जमवितो, कोणी टपालाची तिकिटे जमवितो, तर कोणी काड्यापेटीवरील चित्रे वहीत हौसेने चिकटवून ठेवतो. आपल्याकडे क्रिकेटपटूंची चित्रे जमविण्याचा छंदही दिसतो. ज्या चित्रांच्या पाठीमागे गोंद लावलेला असतो आणि ज्यांना मुले स्टिकर म्हणतात, त्यांचा संग्रह हा या सर्व छंदांतला विशेष गमतीचा प्रकार होय. कारण तो संग्रह एकट्याला पुरा करता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या संग्राहकाशी गाठ घालावी लागते, आणि जेथे दोन माणसांची गाठ पडते तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्नही येऊन उभा राहतो.

या छंदाचे मोठे माहेरघर म्हणजे इटली देशातील मोदेना हे शहर. तेथे पानिनी कुटुंबाचे वृत्तपत्रविक्रीचे दुकान होते. त्या कुटुंबातील जुझेप्पे आणि बेनितो या बंधूंनी १९६१ मध्ये इटलीतील फुटबॉल खेळाडूंच्या चित्रांची मालिका काढली. चित्रे बंद पाकिटांत विकावयाची आणि ती लावण्यासाठी क्रमांक घातलेली एक वही द्यावयाची, अशी ती योजना होती. पाकिटात कोणती चित्रे आहेत हे ते फोडल्यावाचून कळत नसे. पुढे त्यांचा भाऊ उंबेर्तो याने चित्रे मिसळून पाकिटांत भरणारे एक यंत्र बनविले. १९७० मध्ये मेक्सिको देशात विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा तिच्या निमित्ताने पहिली जागतिक वही निघाली आणि हा छंद देशोदेशींच्या मुलांपर्यंत जाऊन पोहोचला.

बंद पाकिटातच या छंदाची सारी गंमत आहे आणि सारी अडचणही आहे. पहिली काही पाकिटे फोडली, की प्रत्येक चित्र नवे निघते आणि वही भराभर भरू लागते. मग हळूहळू तीच तीच चित्रे पुन्हा येऊ लागतात. मुले त्यांना ‘डबल’ म्हणतात. इटलीतील मुले आपापले गठ्ठे घेऊन एकमेकांसमोर बसतात आणि एकेक चित्र पाहून ‘चेलो, चेलो, मान्का’ असे म्हणत जातात. ‘हे आहे, हे आहे, हे नाही’ असा त्या शब्दांचा अर्थ. जगातील कोणत्याही संग्राहकाची सारी कथा या तीन शब्दांत आली आहे.

जादा चित्रे इतकी का निघतात? याचे उत्तर घरातील सापशिडीचा फासा देऊ शकेल. फाशाला सहा बाजू असतात. तो टाकीत राहावे आणि सहाही अंक किमान एकदा येईपर्यंत किती वेळा टाकावा लागतो, हे मोजावे. सहा वेळांत काम भागेल असे वाटते. पण हा प्रयोग पुष्कळदा करून पाहिला, तर सरासरी पंधराच्या जवळपास येते. पाच अंक येऊन गेल्यावर उरलेल्या एका अंकासाठीच सरासरीने सहा वेळा फासा टाकावा लागतो. संग्रहवही म्हणजे असाच एक फासा. फक्त तिला सहा नव्हे, कित्येक शेकडा बाजू असतात.

रशियात २०१८ मध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेच्या वहीत ६८२ चित्रे होती आणि एका पाकिटात पाच चित्रे येत. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक पॉल हार्पर यांनी तिचा हिशेब मांडला. कोणाशीही अदलाबदल न करता एकट्याने वही पुरी करावयाची झाल्यास सरासरीने सुमारे ९६७ पाकिटे घ्यावी लागतील, असे त्यांना आढळले. म्हणजे वही ६८२ चित्रांची, आणि खरेदी मात्र ४,८०० हून अधिक चित्रांची! अर्धी वही भरली, की दर दोन चित्रांपैकी एक जादा निघते. आणि ६८१ जागा भरल्यावर राहिलेल्या एकाच चित्रासाठी सरासरीने आणखी १३६ पाकिटे फोडावी लागतात. परंतु हेच काम दहा संग्राहकांनी मिळून केले आणि जादा चित्रे एकमेकांस दिली, तर प्रत्येकाचा खर्च सुमारे एकतृतीयांशावर येतो, असेही त्याच हिशेबातून दिसून आले.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. अदलाबदल ही या छंदातील केवळ करमणूक नव्हे. तिच्यावाचून सामान्य घरातील मुलाला हा छंद परवडणारच नाही. तिच्यात एक विलक्षण गुणही आहे. बाजारात एकाने पैसे मिळविले, की दुसऱ्याच्या खिशातून ते गेलेले असतात. येथे मात्र जे एकाला निरुपयोगी ते दुसऱ्याला अमोल असते. एकाकडे आठव्या क्रमांकाचे चित्र दोनदा आले आहे, दुसऱ्याकडे नव्व्याण्णवव्या क्रमांकाचे. दोघांनी हात पुढे केले, दोन चित्रांची जागा बदलली, आणि कोणाचेही काही न जाता दोघांच्याही वहीतील एकेक रिकामी चौकट भरली. दोघेही श्रीमंत झाले आणि कोणीही गरीब झाले नाही, असे व्यवहार जगात फार थोडे आढळतात.

दुसराही एक गुण आहे, आणि तो याहून मोठा आहे. दुकानात मुलांमुलांत भेद पडतो. एकाचे वडील पाकिटांची पेटीच्या पेटी आणून देतात. दुसऱ्याला आठवड्याच्या पैशांतून एखादेच पाकीट मिळते. पण अदलाबदलीसाठी दोघे वर्गाच्या बाकावर समोरासमोर बसले, की हा भेद पुष्कळसा मिटतो. पेटी आणणाऱ्याला हवे असलेले चित्र एकच पाकीट घेणाऱ्याच्या हातात असू शकते. त्या क्षणी दोघे बरोबरीचे असतात. ही बरोबरी टिकविणे हेच अदलाबदलीच्या सचोटीचे खरे प्रयोजन होय. कारण येथे लबाडी शिरली, तर जो मुळातच थोड्यावर भागवीत असतो त्याचेच सर्वांत अधिक नुकसान होते.

मग प्रामाणिक अदलाबदल कशाला म्हणावे? कोणी म्हणेल, एकास एक दिले की न्याय झाला. हा नियम चांगला आहे, आणि बहुतेक वेळा तेवढा पुरतोही. परंतु केवळ मोजणी म्हणजे न्याय नव्हे. चकचकीत चित्राबद्दल दोन साधी चित्रे घेण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी असतो. तो दोघांनाही आधीपासून ठाऊक असेल आणि मान्य असेल, तर त्यात अन्याय नाही. उलट एकास एक देऊनही अन्याय करता येतो. दिलेले चित्र मागच्या बाजूने फाटलेले असले म्हणजे झाले. तेव्हा खरी कसोटी संख्येची नाही. जे एकाला ठाऊक आहे ते दुसऱ्यालाही ठाऊक झाले, तरी हा व्यवहार त्याला मान्य होईल काय? ही ती कसोटी होय. जो व्यवहार दुसऱ्याच्या अज्ञानावाचून उभा राहू शकत नाही, तो व्यवहार न्यायाचा नव्हे.

या कसोटीला सर्वांत अधिक वेळा न उतरणारा शब्द म्हणजे ‘दुर्मिळ’. सातवीतला एखादा मुलगा पाचवीतल्या मुलासमोर एक चित्र धरतो आणि सांगतो, “हे फार दुर्मिळ आहे. याच्यासाठी दहा द्यावी लागतील.” लहान मुलगा भांबावतो, गठ्ठ्यातील दहा चित्रे मोजून देतो आणि आपल्याला मोठा ठेवा मिळाला अशा समजुतीने घरी जातो. पुढे आठ दिवसांनी तेच चित्र वर्गातील तिघांकडे जादा असल्याचे त्याला कळते. एखादे चित्र चार मित्रांत कोणालाच मिळाले नाही, एवढ्यावरून ते कमी छापले आहे असे ठरत नाही. फाशावर एखादा अंक पुष्कळ वेळ आला नाही, म्हणून फाशाला ती बाजूच नाही असे कोणी म्हणत नाही! स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा विद्यापीठाच्या दोन गणितज्ञांनी २०१० मध्ये विश्वचषकाच्या चित्रांची याच दृष्टीने तपासणी केली, तेव्हा काही चित्रे मुद्दाम कमी छापली जातात असा पुरावा त्यांना आढळला नाही.

चित्र कधीच दुर्मिळ नसते असा मात्र याचा अर्थ नाही. इटलीत १९६३-६४ च्या मालिकेत अतालांता संघाचा गोलरक्षक पिझ्झाबाल्ला याचे चित्र कोणालाच मिळेना. छायाचित्रे काढण्याच्या दिवशी तो संघाबरोबर नव्हता आणि म्हणून त्याचे चित्र उशिरा निघाले, असे सांगितले जाते. मुलांनी त्या चित्राचा इतका शोध घेतला, की न सापडणारे चित्र म्हणजे पिझ्झाबाल्ला, अशी त्या देशात म्हणच पडून गेली. असे चित्र हाती असलेल्याने एकाच्या बदल्यात दोन-तीन चित्रे मागितली, तर त्याला लबाड म्हणता येणार नाही. कारण त्याचे दुर्मिळपण खरे आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. खरी दुर्मिळता सांगणे ही माहिती होय. खोटी दुर्मिळता सांगणे ही फसवणूक होय. दोहोंना शब्द एकच वापरला जातो, म्हणून त्या शब्दाशी फार जपून वागले पाहिजे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. “त्याने राजीखुशीने दिले. कोणी हिसकावून घेतले नाही. मग तक्रार कशाची?” आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण राजीखुशी ही माहितीवर उभी असते. वाण्याने तराजूच्या पारड्याखाली मेण लावून ठेवले आणि गिऱ्हाइकाने हसतमुखाने पैसे मोजले, तर गिऱ्हाइकाच्या त्या हसण्याने माप पुरे होत नाही. ज्याला मापातील खोट दिसली नाही, त्याची संमती खऱ्या मापाला होती, खोट्या मापाला नव्हती. लहान मुलाने दिलेल्या दहा चित्रांचेही तसेच आहे. त्याने ‘दुर्मिळ’ चित्रासाठी होकार दिला होता, आणि तसले चित्र त्याला मिळालेलेच नाही.

अज्ञानाचा लाभ घेणे जसे गैर, तसाच गरजेचा लाभ घेणेही गैर होय. समजा, एखाद्याच्या वहीत एकच जागा रिकामी राहिली आहे. ते चित्र दुसऱ्याकडे जादा आहे आणि त्याची नड दुसऱ्याला पक्की ठाऊक आहे. येथे काहीच लपविलेले नाही. तरीही दुसरा जर म्हणाला, “तुझा उरलेला सगळा गठ्ठा दे, तरच देतो,” तर ते शोभणारे आहे काय? ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात अडलेल्या हरीची फजिती सांगितली आहे खरी. पण पाय धरवून घेणाराच्या वाट्याला कोणते नाव आले आहे, तेही विसरण्यासारखे नाही. शिवाय आज ज्याच्याकडे ते चित्र जादा आहे, त्याच्याही वहीत उद्या एकच जागा रिकामी राहणार आहे. ती वेळ प्रत्येक संग्राहकावर येते, हे फाशाच्या गणिताने आधीच सांगून ठेवले आहे.

सचोटीचे आणखी एक अंग म्हणजे वस्तू असेल तशी दाखविणे. चित्राचा कोपरा दुमडला असेल, पाठीवरचा कागद सुटला असेल, किंवा एकदा लावून पुन्हा उचकटलेले असेल, तर ते घेणाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. “त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही,” हे वाक्य खोटे नसते. परंतु ते खोट्याच्या अगदी शेजारी राहते. चित्रे गठ्ठ्यातून ओझरती दाखवू नयेत. ती बाकावर उताणी मांडावीत आणि समोरच्याला हातात घेऊन पाहू द्यावीत.

शब्द पाळण्याचे महत्त्व तर याहूनही अधिक आहे. पुष्कळदा दोघांत अदलाबदल जुळत नाही, पण तिघांत जुळते. पहिल्याला हवे ते दुसऱ्याजवळ आहे, दुसऱ्याला हवे ते तिसऱ्याजवळ, आणि तिसऱ्याला हवे ते पहिल्याजवळ. तिघेही एके ठिकाणी नसतील, तर कोणाला तरी आपले चित्र आधी द्यावे लागते आणि बदल्याची वाट पाहावी लागते. तो आधी देतो तो कशाच्या बळावर? केवळ दुसऱ्याच्या शब्दाच्या बळावर. “उद्या आणून देतो” असे सांगणाऱ्याने उद्या ते आणले, तर पुढच्या वेळी चारजणही एका साखळीत गुंफले जाऊ शकतात. त्याने ते आणले नाही, तर साखळी तुटते, आणि जो तो आपला गठ्ठा मुठीत घट्ट धरून बसतो. मग साऱ्यांच्याच वह्या अर्धवट राहतात. एकाच्या लबाडीची किंमत अशी सर्वांना मोजावी लागते.

यासाठी कठोर कायदेकानूंची गरज नाही. थोडे साधे संकेत पुरेसे आहेत. आपल्याला हव्या असलेल्या क्रमांकांची आणि जादा क्रमांकांची अशा दोन याद्या प्रत्येकाने जवळ ठेवाव्यात. किती चित्रांना किती, हे हातात घेण्यापूर्वी ठरवावे. स्वतःहून लहान मुलाशी व्यवहार करताना तो शाळा सुटेपर्यंत कच्चा समजावा, म्हणजे त्याला कोणा जाणत्याला विचारता येईल. आणि व्यवहार पक्का झाला, की मग “मला परत हवे” असे कोणी म्हणू नये. पश्चात्ताप झाला म्हणून दिलेला शब्द फिरविणे हाही दुसऱ्यावर अन्यायच होय.

कोणी असेही म्हणेल, की चिमूटभर कागदाच्या चित्रांसाठी एवढा विचार कशाला? पण चित्र लहान असले तरी त्याची ओढ लहान नसते. ब्राझील देशात विश्वचषकाच्या दिवसांत मोठी माणसेही आपापले गठ्ठे घेऊन चौकांत जमतात आणि मुलांशी बरोबरीने अदलाबदल करतात. अर्जेंटिनात २०२२ मध्ये चित्रांचा इतका तुटवडा पडला, की तेथील सरकारच्या व्यापार विभागाला दुकानदार आणि छापणारी कंपनी यांना एकत्र बोलवावे लागले. आणि वस्तू क्षुल्लक असेल, तर तिच्यासाठी केलेली लबाडी अधिकच लाजिरवाणी ठरते; कारण मोठ्या मोहापुढे माणूस वाकला असे म्हणण्याचीही सोय तेथे राहत नाही. पुढे मोठेपणी घर, जमीन, धान्य यांचे व्यवहार करावयाचे असतात. त्या वेळी समोरच्याच्या अज्ञानाकडे कोणत्या नजरेने पाहावयाचे, ही सवय मनाला बाकावरच्या चित्रांपासूनच लागलेली असते.

वही पुरी झाल्यावरही हाती काही जादा चित्रे उरतात. त्यांचा आता बदला नको असतो. ती पेटीत ठेवून पिवळी पडू देता येतील, किंवा ज्याच्या वहीत पुष्कळ जागा रिकाम्या आहेत अशा एखाद्या धाकट्या संग्राहकाला सहज देऊन टाकता येतील. पहिल्या मार्गाने त्या चित्रांचे मोल शून्य होते. दुसऱ्या मार्गाने त्याच चित्रांनी कोणाची तरी वही भरते. भरलेली वही शेजारीपाजारी सर्वांना दाखविता येते. पण तिचे पान उलटताना, “हे चित्र कोणाकडून मिळाले?” असा प्रश्न कोणी विचारला आणि प्रत्येक चित्राच्या बाबतीत देणाऱ्याचे नाव मोकळ्या मनाने सांगता आले, तरच ती वही खऱ्या अर्थाने पुरी झाली असे समजावे.